रसायनांची खरेदी आणि ताबा : देशोदेशींचे कायदे

रसायने कोणी विकत घ्यावीत, किती तीव्रतेची घ्यावीत आणि किती जवळ बाळगावीत, याचा सर्व देशांना लागू असा एकच कायदा नाही. ज्या देशाला ज्या अपायाची धास्ती वाटली, त्यावरून त्याची यादी बनत गेली: कुठे स्फोटके, कुठे अमली पदार्थ, कुठे आम्लहल्ले, तर कुठे विषबाधा. त्यामुळे एकच बाटली एका देशात बिनदिक्कत मिळते, दुसऱ्यात सही करून घ्यावी लागते आणि तिसऱ्यात ती नुसती घरात असणे हाही गुन्हा ठरतो.

सल्फ्युरिक आम्लाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. युरोपीय संघाचा २०१९/११४८ हा विनियम १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. त्याचा रोख घरगुती स्फोटकांवर आहे. वजनाने १५ टक्क्यांहून तीव्र आम्ल सर्वसामान्य माणसाला विकत घेता, देशात आणता, बाळगता किंवा वापरता येत नाही. सदस्य देशाची इच्छा असेल तर ४० टक्क्यांपर्यंत परवाना देता येतो. जर्मनीने खाजगी व्यक्तींना असा परवाना न देण्याचे धोरण स्वीकारले. ब्रिटनमध्येही मर्यादा १५ टक्क्यांचीच आहे, पण तिथे १९७२च्या विषविषयक कायद्याखाली छायाचित्रासह परवाना मिळू शकतो. जपानचा १९५०चा कायदा विषारी व अपायकारक पदार्थांचा आहे. १० टक्क्यांहून तीव्र आम्ल घेताना नाव, पत्ता व व्यवसाय लिहून द्यावा लागतो, १८ वर्षांखालील व्यक्तीला ते मिळत नाही आणि विक्रेत्याला तो कागद ५ वर्षे जपावा लागतो. चीनमध्ये हेच आम्ल अमली पदार्थनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या तिसऱ्या वर्गात मोडते आणि खरेदीची नोंद पोलीस खात्याकडे करावी लागते. अमेरिकेच्या अशाच संघीय यादीतही ते आहे, पण तिथे बंधन मुख्यतः निर्यातीवर आहे. तुंबलेले नळ मोकळे करण्यासाठीचे ९० टक्क्यांहून तीव्र आम्ल तिथे दुकानात मिळते.

भारत आणि बांगलादेश यांचे नियम आम्लहल्ल्यांतून आले. बांगलादेशाने २००२ मध्ये आयातीपासून वापरापर्यंत सर्व टप्प्यांवर परवाना सक्तीचा केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निर्देश दिले: खरेदीदार १८ वर्षांवरील असावा, त्याने पत्त्यासह छायाचित्र ओळखपत्र दाखवावे व कारण सांगावे, विक्रेत्याने नोंदवही ठेवावी आणि साठा १५ दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्याला कळवावा. कसूर झाल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. नोंदवहीवर भिस्त ठेवणारा कायदा ती वही तपासणाऱ्या माणसाइतकाच मजबूत असतो. तपासणी थांबली की आम्ल पुन्हा उघड्यावर विकले जाते, आणि त्याची किंमत कोणाला तरी आयुष्यभर मोजावी लागते.

खरेदीवरचे बंधन आणि ताब्यावरचे बंधन यांत गल्लत फार होते. युरोपात मर्यादेबाहेरचे रसायन घरी पातळ करून वापरण्याचा हेतू असला तरी सुटका नाही; मूळ बाटली हातात असणे हाच भंग आहे. मात्र तयार वस्तूंना तो विनियम लागू नाही. म्हणून आम्ल भरलेली वाहनाची बॅटरी चालते, पण तीत ओतण्यासाठीची सुमारे ३७ टक्के आम्लाची सुटी बाटली चालत नाही. दुचाकीची कोरडी बॅटरी आणि आम्ल वेगवेगळे मागवणारे इथेच अडकतात.

टक्केवारी वाचतानाही चूक होते. कायद्यातली मर्यादा बहुधा वजनावर असते, तर बाटलीवर आकारमानाशी जोडलेला आकडा असू शकतो. वजनाने ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३३ ग्रॅम. केशकर्तनालयातले ‘४० व्हॉल्यूम’ पेरॉक्साइड साधारण १२ टक्के भरते, म्हणजे नेमके युरोपीय मर्यादेवर. खतात आणि स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटचेही तसेच आहे. युरोप त्यातील नायट्रोजन मोजतो (१६ टक्के), तर भारताचे २०१२चे नियम मिश्रणातील अमोनियम नायट्रेट मोजतात (४५ टक्क्यांहून अधिक). शुद्ध क्षारात ३५ टक्के नायट्रोजन असल्याने १६ टक्के म्हणजे ४५.७ टक्के क्षार. दिसायला दूरचे हे आकडे जवळजवळ एकच आहेत.

आपल्याला कोणता नियम लागतो हे पाहताना व्यापारी नावावर विसंबू नये. आधी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळखक्रमांक, घ्यावा (सल्फ्युरिक आम्लाचा ७६६४-९३-९), मग तीव्रता पाहावी, मग आपण कायद्याच्या दृष्टीने कोण ते ठरवावे. युरोपात शेतकरी व्यावसायिक वापरकर्त्यांत गणले जातात. व्यावसायिक खरेदीदाराला ओळख, व्यवसाय व हेतू कळवावा लागतो आणि विक्रेता ती माहिती १८ महिने ठेवतो. संशयास्पद व्यवहार २४ तासांत कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. एकच यादी पाहून थांबणे धोक्याचे असते. अमेरिकेत आयोडीन आणि तांबडा फॉस्फरस मेथॲम्फेटामाइन या अमली पदार्थाच्या भीतीने नियंत्रित रसायनांच्या पहिल्या यादीत आहेत, पण २.२ टक्क्यांपर्यंतचे आयोडीनचे द्रावण त्यातून वगळलेले आहे.

देशांमधली ही तफावत दोन करारांनी काहीशी कमी केली. १९८८च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविरोधी करारात, १२व्या कलमाखाली, नियंत्रित रसायनांचे दोन तक्ते आहेत. हेरॉइन बनवताना लागणारे ॲसिटिक ॲनहायड्राइड २००१ मध्ये दुसऱ्यातून पहिल्यात गेले. १९९७ पासून अमलात असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार तीन अनुसूच्यांत रसायने मांडतो. पण हे करार सरकारांना बांधतात. किरकोळ ग्राहकाला किती विकायचे, हे प्रत्येक देशच ठरवतो.

परदेशातून पार्सल मागवताना विक्रेत्याच्या देशात माल खुला आहे एवढे पुरत नाही. तो जिथे पोहोचतो तिथला कायदा लागू होतो, शिवाय वाहतुकीचे वेगळे नियम असतात, आणि त्यांत धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांचा (यूएन) क्रमांक असतो: ५१ टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक आम्लाला यूएन १८३०, त्याखालच्या तीव्रतेला व बॅटरी आम्लाला यूएन २७९६. कायदा बदलला की जुना साठाही अडचणीत येतो. युरोपात आधी कायदेशीर घेतलेली रसायने बाळगण्याची सवलत २ फेब्रुवारी २०२२ रोजी संपली. असा माल गटारात ओतू नये किंवा शेजाऱ्याला देऊ नये. मूळ बाटलीत, लेबलासह, घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राला आधी कळवून तो जमा करावा.