व्ह्यू कॅमेरा, लाकडी (घरी बनवलेला)

पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे घड्यांचा काळा भाता आणि हे सगळं धरून ठेवणारा लाकडी सांगाडा, कॅमेरा म्हणजे एवढंच. यात रोल नसतो, ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर एकेक फोटो घ्यायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवरचं उलटं चित्र बघणारा स्टुडिओवाला सगळ्यांनी निदान सिनेमात तरी पाहिलेला असतो, तेव्हा वापराबद्दल फार लिहीत नाही. मोनोरेल (एकाच दांड्यावर पुढे-मागे सरकणारा) आणि घडी होणारा फील्ड असे दोन प्रकार आहेत, पैकी घरी बनवायला मोनोरेल सोपा, पण लोक बनवायला घेतात फील्डच, कारण दिसतो छान.

उगमाचा वाद मुख्यतः भात्याचा आहे. लाकडी पेट्या आधीपासून होत्याच, एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्यांवर डगेरोटाइपचं (चांदीच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोंचं) काम भागत होतं. भाता पहिल्यांदा कोणी लावला यावर एक मत फ्रान्सच्या बॅरन सेग्येचं नाव घेतं (१८३९), म्हणजे फोटोग्राफी जाहीर झाली त्याच वर्षी. अमेरिकेकडे झुकणारे लेखक न्यूयॉर्कच्या लुईस यांच्या १८५१ च्या पेटंटकडे बोट दाखवतात आणि इंग्रजी परंपरेत कॅप्टन फाउक यांचं १८५६ चं पेटंट मोजलं जातं. तारखेने बघितलं तर सेग्ये पुढे आहेत यात शंका नाही, पण आज आपण जो कॅमेरा घरी करायला बसतो त्याचा पूर्वज शोधायचा तर स्कॉटलंडचे वास्तुविशारद किनियर यांच्याकडे जास्त वजन द्यावं लागेल. साधारण १८५७ च्या त्यांच्या रचनेत भाता पुढे निमुळता होत जातो, त्यामुळे घड्या एकमेकींच्या पोटात बसतात आणि कॅमेरा चपटा होतो. टिल्टचा, म्हणजे भिंग कलवून शार्प पातळी हवी तशी फिरवण्याचा, नियमही असाच दोन नावांत अडकलेला आहे, तो ओळखला जातो ऑस्ट्रियाच्या शाइम्पफ्लुग यांच्या नावाने (१९०४) पण फ्रान्सच्या कार्पांतिए यांचं पेटंट १९०१ चं आहे आणि शाइम्पफ्लुग यांनी स्वतःच त्याचा उल्लेख केलाय.

भारतात असे कॅमेरे आधी विलायतेतून यायचे, गरम हवेसाठी सागवान आणि पितळी पट्ट्यांचे खास 'ट्रॉपिकल' मॉडेल असायचे. १९४० च्या दशकापासून केरळात अलप्पुझाला 'वागीश्वरी' नावाचे कॅमेरे बनायला लागले आणि देशभरच्या स्टुडिओंत पोचले. बडोद्याचा फोटोग्राफीशी संबंध त्याहून जुना. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि दादासाहेब फाळके साधारण त्याच सुमारास तिथे शिकताना फोटोग्राफीच्या नादी लागले, पुढे गोध्र्याला त्यांनी त्याचाच धंदा मांडला.

लाकूड साग घ्यावं. गुजरातेत वलसाडी सागाचं नाव आहे, आणि बडोद्याजवळ संखेड्याचं लाखकामाचं फर्निचरही सागाचंच असतं, त्यामुळे या भागातल्या सुताराला साग समजावून सांगावा लागत नाही. रावपुरा, दांडिया बाजार भागातलं एखादं जुनं घर पाडलं तर त्याच्या तुळईचा तुकडा मिळवावा, तो इतका वाळलेला असतो की पावसाळ्यात फुगून फ्रेम अडकत नाही. फक्त साग तेलकट असतो, सांधा चिकटवायच्या आधी तिथे थिनरचा बोळा फिरवला नाही तर फेव्हिकॉल धरत नाही. लेन्स बोर्डला (भिंग बसतं त्या फळीला) मात्र प्लायच बरा. कोपाल शून्य (Copal 0) या मापाच्या, भिंगासोबत येणाऱ्या शटरला ३४.६ मिमीच्या आसपास भोक लागतं आणि किचन ट्रॉलीच्या ऑटो हिंजसाठी सुतार वापरतात तो ड्रिल बिट ३५ मिमीचा असतो, म्हणजे महागडा बोर्ड मागवायची गरजच नाही, कोणत्याही फर्निचरवाल्याकडे पाच मिनिटांचं काम.

लोक लाकडाच्या पॉलिशवर महिने घालवतात पण कॅमेरा चालणार की नाही हे ठरतं काच आणि फिल्म यांच्या जागेवर. फिल्म होल्डर (सुटी फिल्म धरणारी चपटी चौकट) आत गेला की दुधी काच मागे सरते, आणि काचेचा खरबरीत पृष्ठभाग आधी जिथे होता बरोबर तिथे फिल्म यायला हवी. ४×५ च्या होल्डरची खोली प्रमाणानुसार ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी, आणि त्यात ०.००७ इंचाची सूट. ८×१० ला ०.२६० इंच. आता घोळ असा की ही खोली होल्डरच्या तळापर्यंतची आहे, तळावर फिल्म बसते आणि तिची स्वतःची जाडी जवळपास ०.१८ मिमी, तेव्हा काच ५ वर बसवायची की ४.८ वर यावर बनवणारे भांडत असतात. हिशोबाने ४.८ बरोबर आहे. पण एफ-२२ वर, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक असताना, दोन मिलिमीटरची चूकसुद्धा खपून जाते, एफ-५.६ वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवून, पोर्ट्रेट काढलं की अर्ध्या मिलिमीटरलाच डोळ्यांऐवजी कान शार्प येतात, म्हणून भांडणाचं महत्त्व भिंग किती उघडं ठेवता त्यावर आहे. होल्डरवर स्टीलची पट्टी आडवी ठेवायची, डिजिटल कॅलिपरचा मागचा दांडा आत सोडायचा, चार कोपरे आणि मधे असं मोजायचं, मग कॅमेऱ्याच्या पाठीवर काचेपर्यंत तसंच, दोन्हीकडे पट्टीची जाडी वजा करून. फरक आला तर झेरॉक्सच्या कागदाचे तुकडे, एक कागद साधारण ०.१ मिमी. आणि काचेची खरबरीत बाजू भिंगाकडेच. ती उलटी बसवली तर काचेच्या जाडीएवढा घोटाळा होतो आणि माणूस बिचारा भिंगाला शिव्या देत बसतो.

दुधी काच घरी होते. २ मिमीच्या दोन काचा, मधे कार्बोरंडम पावडर ४०० नंबर आणि पाणी, गोल गोल घासत राहायचं, शेवटी ६०० नंबर.

भात्याला बाहेरून पातळ रेक्झिन किंवा पुस्तकबांधणीचं कापड, आतून काळं सुती कापड आणि मधे कार्डाच्या पट्ट्या. पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची, दोन पट्ट्यांत दीड-दोन मिमी जागा सोडायची, नाहीतर घडी पडत नाही. १५० मिमीच्या भिंगाने वस्तू मूळ आकाराएवढी घ्यायची तर भाता ३०० मिमी ताणावा लागतो (आणि प्रकाश दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, द्यावा लागतो), तेव्हा पूर्ण ताण ४०० मिमीचा धरून बनवावा म्हणजे कोपऱ्यांवर ओढ येत नाही. बडोद्यात १८८६ पासून संगीतशाळा आहे, बाजाची पेटी दुरुस्त करणारा माणूस शोधला तर सापडतो, आणि घडी, सरस, हवा न सुटणारा कोपरा या तिन्ही गोष्टी त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतात. त्याच्याकडून नुसता कोपरा कसा वळवायचा तेवढं बघून घेतलं तरी पुरे. फक्त त्याचं काम हवेचं आणि आपलं उजेडाचं, म्हणून भाता झाल्यावर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून बाहेरून तपासायचा, गळती निघाली तर बहुतेक कोपऱ्यातच निघते, तिथे काळा फॅब्रिक कलर.

हालचालींपैकी राइज आणि पुढचा टिल्ट एवढ्या दोन जमल्या तरी बस. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मांडवीच्या इमारतीसमोर उभं राहून बघा, मागे सरकायला जागा नाही आणि कॅमेरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. राइजमध्ये कॅमेरा सरळच राहतो, नुसता लेन्स बोर्ड वर सरकतो, रेषा उभ्या राहतात.

शीट फिल्म महाग, म्हणून बरेच जण एक्स-रे फिल्म वापरतात. ती लाल रंगाला आंधळी असते, लाल दिव्यात ट्रेमध्ये बघत बघत डेव्हलप करता येते, पण बहुतेक फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) असल्याने लवकर ओरखडते, ट्रेच्या तळाशी काच ठेवावी. ८×१० च्या शीटचे चार तुकडे केले की ४×५ होतात असं वाटतं, पण खरी ४×५ फिल्म दोन्हीकडून दीड मिमीभर लहान असते, त्यामुळे तेवढी कड कापल्याशिवाय तुकडा होल्डरमध्ये जात नाही.