इको-लॉज की जंगलातलं रिसॉर्ट? पाटी एकच, वही वेगळी

मागच्या उन्हाळ्यात विदर्भातल्या एका जंगलाच्या कडेला आम्ही दोन रात्री राहिलो. कमानीवर 'इको रिसॉर्ट' असं लाकडात कोरलेलं. खोलीला बांबूच्या चटया, वर गवताचं छप्पर आणि त्या गवताखाली एसी. गवताच्या छपरातून वारा खेळता राहतो. त्याखाली एसी लावला की गार हवा फटीफटीतून बाहेर आणि मीटर गरागरा. न्हाणीघरात आरशापाशी एक हिरवं कार्ड होतं : 'पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर ठेवा.' मी इमानदारीत टॉवेल दांडीवर ठेवला आणि खिडकी उघडली. समोर पोहण्याचा तलाव, निळाशार, काठोकाठ भरलेला.

या कार्डाला इतिहास आहे. जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये असंच कार्ड वाचलं होतं. टॉवेल कमी धुवून समुद्र आणि प्रवाळ वाचवा, असा मजकूर. आणि शेजारी त्याच रिसॉर्टचं वाढीव बांधकाम चालू. १९८६ मध्ये त्यावर लिहिताना त्याने 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द वापरला. म्हणजे तो शब्द जन्मला तोच हॉटेलातल्या टॉवेलवरून.

तर मुद्दा असा की निसर्गातलं रिसॉर्ट आणि इको-लॉज या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते, आणि बाहेरून बघून ती सुटतही नाही. दोन्हीकडे झाडं, दोन्हीकडे पक्षी, दोन्हीकडे चुलीवरची भाकरी. निसर्गातलं रिसॉर्ट हे ठिकाणाचं वर्णन आहे : हॉटेल आहे, ते जंगलापाशी किंवा समुद्रापाशी आहे, एवढंच. त्यात वाईट काही नाही. इको-लॉज हा मात्र जमाखर्चाचा शब्द आहे. पाणी कुठून आलं, सांडपाणी कुठे गेलं, पैसा कोणाच्या हातात पडला आणि 'आता पुरे' म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे, या सगळ्याचा हिशेब त्यात धरलेला असतो. 'द इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटी'ने १९९० मध्ये केलेल्या व्याख्येतही पर्यावरण राखणं आणि स्थानिक लोकांचं भलं या दोन अटी एकत्रच आहेत. २०१५ मध्ये तिसरी आली : पाहुण्याला आणि यजमानालाही त्यातून काही कळलं पाहिजे. बांबूचा उल्लेख कुठेच नाही.

आता पाण्याचाच हिशेब घ्या, तो सगळ्यात सोपा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल, असा मध्यम तलाव धरला तर त्यात ७०,००० लिटर पाणी मावतं. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे तो तलाव सुमारे १,२७० माणसांचं एका दिवसाचं पाणी पोटात घेऊन बसलेला असतो. तलाव रोज कोणी रिकामा करत नाही, हे खरं. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी जरी उडालं तरी रोज ५०० लिटरची भर घालावी लागते, म्हणजे नऊ माणसांचा वाटा निव्वळ हवेत. त्यासमोर दांडीवरचा माझा टॉवेल किती वाचवणार?

आणि तलाव तिथे असतो कशाला? वाघ दिसला नाही तरी पाहुणा कंटाळू नये म्हणून.

हे मला कळलं ते वेळासमुळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून पूर्वी ओळखलं जायचं, आता कासवांचं गाव म्हणून. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीची किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. ती अंडी कुत्री उकरायची, कोल्हे उकरायचे, आणि माणसंही उकरायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची आणि पन्नासेक दिवस राखण करायची. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नव्हतंच, तेव्हा पाहुणे राहणार कुठे? घरात.

आम्ही गेलो तेव्हा माजघरात ओळीने गाद्या घातल्या होत्या. आमच्या शेजारी सोलापूरचं एक कुटुंब, पलीकडे पुण्याची तीन मुलं. जेवायला कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. सकाळी साडेसहाला चहा हातात आणि काकूंची सूचना, "बंबात पाणी तापलंय, पण माणशी एकच बादली घ्या हां, विहीर खाली गेलीय." मोरीचं पाणी परसातल्या अळवात आणि कर्दळीत सोडलेलं. त्या आळ्याला कोणी 'वेस्टवॉटर मॅनेजमेंट' म्हणत नव्हतं. कोकणात मोरीमागे अळू असतंच. पण कर्दळीच्या मुळांशी पाणी निवळतं हे तत्त्व वापरून आता मोठमोठ्या ठिकाणी प्रकल्प उभारतात, तेव्हा आजीला हसू येत असेल.

मग किनाऱ्यावर. कुंपणात प्रत्येक घरट्यावर एकेक टोपली पालथी घातलेली. गावातलाच एक तरुण, त्यांना कासवमित्र म्हणतात, एकेक टोपली उचलून बघत होता. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. पाचव्या टोपलीखाली वाळू हलत होती. बोटभर लांबीची करडी पिल्लं, एकावर एक, सगळी निघायच्या घाईत. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली, आम्ही दोरीच्या मागे. पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद. एकाने तरी मारलाच, आणि त्या तरुणाने सगळ्यांदेखत त्याला झापलं. पाहुणा म्हणजे देव वगैरे काही मधे आलं नाही.

ते झापणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तो नोकरी करत नव्हता, आपल्या गावाची कमाई राखत होता. कासव आलं नाही तर पाहुणा येणार नाही, पाहुणा आला नाही तर त्याच्या घरातली गादी रिकामी. वेळासात तलाव नाही, डीजे नाही, कासवाला पर्याय काहीच नाही. म्हणून कासव राखलं जातं. आणि जिथून अंडी नेली जायची त्याच गावाच्या घरात आता पाहुण्याचे पैसे जातात.

इथे कोणी म्हणेल, ताडोब्याची रिसॉर्टंसुद्धा वाघावरच जगतात की! बरोबर. वाघ गेला तर त्यांचाही धंदा बसेल. पण वाघ राहण्याची किंमत कोण मोजतं ते बघा. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून एप्रिल-मे हा सफारीचा ऐन हंगाम. नेमक्या त्याच दिवसांत आसपासच्या गावांतली माणसं मोहफुलं वेचायला, मग तेंदूपत्त्याला जंगलात जातात. पहाटे, वाकून, एकेकटी. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात त्या यामुळे. जिप्सीतल्या माणसाला वाघ दिसला तर पैसे वसूल. मोहाखालच्या बाईला दिसला तर काय, हे लिहायला नको. गाय मारली गेली तर पंचनामा, मग भरपाई. गेटवरचा गाइड गावचाच असतो, जिप्सीचा चालकही बहुतेक वेळा जवळचाच, तेवढा पैसा गावात उतरतो, हे मान्य करायला हवं. पण रात्रीच्या मुक्कामाचा, म्हणजे सहलीतल्या सगळ्यात जड आकड्याचा, मोठा वाटा कुठे जातो? जमीन बाहेरच्याची, मॅनेजर बाहेरचा, भाजी शहरातल्या मंडईची. गावच्या वाट्याला झाडलोट आणि रात्रपाळीचा पहारा.

सरकारदरबारी हे कळलेलं नाही असं नाही. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ते पुन्हा सुरू झालं. भोवतालच्या पर्यटन व्यवसायाकडून शुल्क घेऊन ते संवर्धनाला आणि स्थानिकांच्या उपजीविकेला वापरावं, हा विचार त्या तत्त्वांमध्ये आहे. विचार चांगला आहे. पण शुल्क देणं आणि मालकीत वाटा देणं यांत सावत्र आणि सख्ख्याइतका फरक.

मालकीत वाटा म्हणजे काय, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पेरू देशातलं आहे. ॲमेझॉनच्या जंगलात तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो नावाचं आदिवासी गाव आहे (नावाचा अर्थ 'नरक', आणि तिथे लोक हौसेने सुट्टीला जातात!). १९९६ मध्ये या गावाने 'रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स' या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. 'पोसादा अमासोनास' नावाचं लॉज बांधायचं, नफ्यातले ६० टक्के गावाचे, ४० टक्के कंपनीचे, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. १९९८ मध्ये लॉज उघडलं. कंपनीला धंदा येत होता, गावाला जंगल येत होतं. हे ६० आणि ४० आकडे मला पाठ आहेत, कारण आपल्याकडे 'स्थानिकांना रोजगार' हे दोन शब्द ऐकले की मी मनातल्या मनात विचारतो, रोजगार किती आणि वाटा किती?

वाटा नेहमी पैशातच असावा लागतो असंही नाही. केरळात पेरियारच्या जंगलात दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून विकणारी माणसं होती. खटले अंगावर, वनखात्याशी रोजचा लपंडाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचीच समिती करून त्यांना पर्यटकांचे वाटाडे आणि जंगलाचे राखणदार केलं. चोरवाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? कुमरकममध्ये वेगळीच तऱ्हा : तिथली मोठी हॉटेलं आहेत तशीच राहिली, पण भाजी आणि इतर माल कुडुंबश्री या केरळ सरकारच्या योजनेतल्या बायकांच्या गटांकडून घ्यायची व्यवस्था बसवली. कुमरकमचं हे उदाहरण मुद्दाम सांगितलं, कारण रिसॉर्ट म्हणजे खलनायक आणि इको-लॉज म्हणजे संत अशी वाटणी मला करायची नाही. सांडपाणी नीट निवळवणारं, गावाची भाजी घेणारं, पगार वेळेवर देणारं रिसॉर्ट हे नुसत्या शेणाने सारवलेल्या ढोंगापेक्षा शंभर पटींनी बरं.

आणि वेळासही दुखण्यांवाचून नाही. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की दोरीच्या मागे माणसांच्या चार रांगा. मुलांना पिल्लं दिसत नाहीत, बापाच्या खांद्यावरून फक्त मोबाइल दिसतात. एकाच न्हाणीघराला दहा माणसं हे सगळ्यांना झेपत नाही, माझ्या सासूबाईंना तर नाहीच.

'होमस्टे' या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नका. शहरातल्या माणसाचा बंद बंगला, एक रखवालदार आणि ऑनलाइन बुकिंग यालाही आता होमस्टे म्हणतात. त्यात होम कोणाचं, ते विचारायचं नाही. चिऱ्याच्या भिंतीलाही भुलू नये. जांभा कोकणातलाच, पण तो जिथून कापून आणतात त्या सड्यावर मागे चौकोनी खड्डेच उरतात. जुनं घर नीट करून वापरलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग ओळखायचं कसं? मी हल्ली बुकिंगच्या आधी फोन करतो आणि एकच विचारतो, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" विदर्भातल्या त्या रिसॉर्टचा फोन दुसऱ्याच शहरातल्या एका मुलीने उचलला होता. "सर, चोवीस तास गरम-थंड पाणी आहे," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं, कुठून येतं? "सर, नळाला."

गेल्या महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका घरी फोन लावला. पाच खोल्या, दोन भाऊ चालवतात. थोरल्याने उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"पाणी विहिरीचं. मे महिन्यात येणार म्हणताय? मेमध्ये आम्ही बुकिंग घेत नाही हो दादा, विहीर तळाला जाते, वाडीला पुरत नाही. जूनमध्ये या. पण आधीच सांगतो, पावसात बेडकांशिवाय काही दिसायचं नाही."