डेड सेंटरवर अडलेलं चाक: पहारीपासून कंडेन्सरपर्यंत

खान्देशात नवा कापूस यायला लागला की जिनिंगची धडधड सुरू होते. आता तिथे विजेच्या मोटरी आहेत, बटण दाबलं की काम चालू. पण धरणगाव, जळगाव, अमळनेर या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग आणि कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा अख्खा कारखाना एका मोठ्या चाकावर चाले. ते चाक नको त्या जागी थांबलेलं असेल तर बॉयलर वाफेने भरलेला असूनही जिनांचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, एकही रूळ हलत नसे. त्या नको त्या जागेला फिटर लोक डेड सेंटर म्हणतात.

भानगड सोपी आहे. पिस्टन, म्हणजे सिलेंडरमध्ये वाफेने सरकणारा दट्ट्या, सरळ रेषेत पुढे-मागे जातो आणि कनेक्टिंग रॉड (जोडदांडा) व क्रँक (शाफ्टला फिरवणारा आडवा हात) मिळून त्या हालचालीचं फिरणं करतात. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पिस्टन, रॉड आणि क्रँक एकाच रेषेत येतात. त्या घडीला पिस्टनचा सगळा रेटा सरळ शाफ्टच्या बेअरिंगवर जातो, फिरवायला काहीच उरत नाही. दार बिजागरीच्या दिशेने कितीही रेटलं तरी उघडत नाही, तसं. इंजिन चालू असताना हे कळतसुद्धा नाही, कारण फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे शाफ्टवरच्या त्या मोठ्या जड चाकात, साठलेली गती क्रँकला त्या जागेवरून ओढून नेते. पण इंजिन नेमकं तिथेच थांबलं की हेच फ्लायव्हील अंगावर उलटतं. थांबलेल्या चाकात गती शून्य, उरतं नुसतं वजन.

दिलासा एवढाच की फार लांब जावं लागत नाही. क्रँक त्या रेषेपासून पाच अंश पुढे सरकली की पिस्टनच्या पूर्ण रेट्याचा साधारण दहावा हिस्सा फिरवण्याच्या कामी येतो, आणि तीस अंशांवर निम्म्याहून जास्त. म्हणजे चाकाला हवा असतो तो बाहेरून एक छोटा धक्का. आता धक्का द्यायला माणूस पुरतो, स्प्रिंग पुरते, दुसरं छोटं इंजिनही पुरतं. माझ्या मते या यंत्रणेचा खरा कस पुढे लागतो: चाकाने एकदा उचल खाल्ली की धक्का देणाऱ्याला झटकन बाजूला होता आलं पाहिजे. गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत जे शोध लागले, त्यांतले निम्मे तरी या सुटकेचे आहेत.

थॉमस न्यूकोमेनचं १७१२ चं वाफेचं इंजिन खाणीतलं पाणी उपसत असे. त्यात नुसतं वर-खाली होतं, फिरणारं चाक नव्हतं, म्हणून हे दुखणंही नव्हतं. चक्क्या आणि कारखाने वाफेवर चालवायचे ठरले तेव्हा ते आलं. बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने १७८० मध्ये वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडण्याचं पेटंट घेतलं. क्रँक काही नवी वस्तू नव्हती, पायाने चालणाऱ्या लेथवर ती आधीपासून होती, पण पेटंट ते पेटंट. जेम्स वॉटला आडवाट धरावी लागली. १७८१ मध्ये त्याने ‘सूर्य आणि ग्रह’ नावाची दातेरी चाकांची जोडी पेटंटमध्ये घातली. ती कल्पना त्याच्याकडच्या विल्यम मर्डॉकची मानली जाते. तिचा एक फायदा असा की दोन्ही चाकांचे दाते सारखे असले तर फ्लायव्हील क्रँकपेक्षा दुप्पट वेगाने फिरतं, त्यामुळे हलकं चाकही भागवून नेतं. डेड सेंटर मात्र तिथेही होतंच. पुढच्या वर्षी वॉटने पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ देण्याचं पेटंट घेतलं, तरी ते गेलं नाही. सरळ ढकलून गोल फिरवायचं म्हटलं की ते येणारच. आपल्या जात्याला डेड सेंटर नाही, कारण खुंटा धरलेला हात खुंट्याबरोबर गोल फिरतो. पिस्टनला ती सोय नाही.

खान्देशात हे चाक कापसामागून आलं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि पश्चिम भारतातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे खान्देशातून पुढे गेली. जळगावात कापडगिरणी १८७० च्या दशकात आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेठांची गिरणी उभी राहिली. कापूस लँकेशायरला जाई आणि यंत्रं बहुतेक तिकडूनच येत. सोबत तिथल्या सवयीही आल्या. त्यांतली एक म्हणजे चाक हलवायची पहार.

मोठ्या फ्लायव्हीलच्या कडेला ठरावीक अंतराने भोकं किंवा खाचा ठेवलेल्या असत. इंजिन डेड सेंटरवर थांबलेलं असलं की वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन माणसं त्या भोकांत पहार घालत आणि चाक थोडं थोडं सरकवत. क्रँक रेषेतून बाहेर आली की पहार काढायची, सगळ्यांनी लांब व्हायचं, मग व्हॉल्व्ह हळूच उघडायचा. हा क्रम चुकला तर काय होईल ते सांगायला नको. व्हॉल्व्ह गळका असला आणि पहार भोकात असतानाच वाफेने चाक उचललं, तर पहार चाकाबरोबर निघते आणि वाटेत येईल त्याला घेऊन जाते. स्वस्तातली यंत्रणा होती, पण तिची सुटका सर्वस्वी माणसाच्या चपळाईवर होती. एखादा इंजिनवाला इतका मुरलेला असे की संध्याकाळी इंजिन बंद करतानाच व्हॉल्व्ह असा आवरायचा की क्रँक अध्येमध्ये कुठेतरी थांबावी. सकाळची पहार वाचायची. हाही इलाजच, त्याला फक्त पेटंट नाही.

चाकं वाढत गेली तशी पहार थकली. लँकेशायरच्या विगनमधल्या ट्रेंचरफील्ड गिरणीचं १९०७ चं इंजिन आजही पाहायला मिळतं. त्याचं फ्लायव्हील सुमारे ७० टनांचं आहे. असं चाक माणसांनी कितीसं ढकलायचं? तिथे आलं ते बारिंग इंजिन, म्हणजे मोठ्या इंजिनाला हलवणारं छोटं वाफेचं इंजिन. फ्लायव्हीलच्या कडेला आतून दाते पाडलेले असतात. छोट्या इंजिनाचं लहानसं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, त्या दात्यांत सरकवायचं आणि गिअरच्या जोरावर मोठं चाक अगदी सावकाश फिरवायचं. छोटं इंजिन बहुधा दोन सिलेंडरचं असे आणि त्याच्या दोन क्रँका काटकोनात बसवलेल्या असत, नाहीतर दुसऱ्याला सोडवायला आलेला स्वतःच अडकायचा.

यातली हुशारी पिनियनच्या बसवणुकीत आहे. छोटं इंजिन मोठ्या चाकाला ढकलत असतं तोवर दात्यांवरचा दाब पिनियनला आत धरून ठेवतो. मोठ्या इंजिनाने वाफ घेऊन स्वतः वेग पकडला की गणित फिरतं. आता मोठं चाक पिनियनला ढकलू लागतं आणि त्याच उलट्या दाबाने पिनियन दात्यांतून बाहेर फेकला जातो. कोणी लिव्हर ओढायची गरज नाही. ही सोय नसती तर ७० टनांचं चाक पूर्ण वेगात आल्यावर छोट्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट वेगाने घुमवून त्याचे तुकडे केले असते.

दोन सिलेंडरच्या मोठ्या इंजिनांत तरी हा ताप नसावा असं वाटतं, कारण एक क्रँक अडलेली असताना काटकोनातली दुसरी भर जोरात असते. पण कंपाउंड इंजिनात ताजी वाफ आधी उच्च दाबाच्या सिलेंडरला मिळते आणि तिथून निघालेली दुसऱ्याला. पहिलाच डेड सेंटरवर असला तर दुसऱ्यापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून फक्त सुरू करताना दुसऱ्या सिलेंडरला थेट वाफ देणारा वेगळा व्हॉल्व्ह ठेवत. चाक फिरलं की तो बंद.

भुसावळला वाफेचे दिवस पाहिलेल्यांना यातलं रेल्वेचं रूप ठाऊक असेल. रेल्वे इंजिनाला पहार लावत बसता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या क्रँका चाकांवर ९० अंशांच्या फरकाने बसवतात. तरीही जड मालगाडी कधी कधी जागची हलत नसे, कारण एक बाजू डेड सेंटरजवळ असताना दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह वाफ तोडायच्या बेतात असू शकतो. तेव्हा ड्रायव्हर इंजिन जरा मागे घेई आणि मग पुढे काढी. मागे घेतल्याने क्रँक चांगल्या जागी येई, शिवाय डब्यांच्या जोडण्या सैल पडून गाडीचं वजन एकेका डब्याने अंगावर येई.

शिंप्याच्या दुकानात हेच सगळं छोट्या मापात असतं. पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर पाय ठेवण्याआधी शिंपी उजव्या हाताने वरचं चाक आपल्याकडे फिरवतो. पायपट्टीचा दांडा डेड सेंटरवर असला तर पायाने काही होत नाही, हे एक. आणि त्या जागेवरून चाक कुठल्याही बाजूला जाऊ शकतं, हे दुसरं. उलटं गेलं की दोरा गुंतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या एवढ्याशा कामासाठी कितीतरी पेटंटं निघाली. कोणी चाकाला एका बाजूला वजन लावलं म्हणजे ते थांबताना रेषेबाहेर थांबेल. कोणी स्प्रिंग लावली, जी थांबता थांबता ताणली जाते आणि दांड्याला बाजूला ढकलते. कोणी पायपट्टीला खटका आणि चाकाला करवतीसारखे तिरपे दाते दिले: पाय दाबला की खटका दात्यात अडकून चाक एकाच दिशेला ढकलतो आणि चाक पुढे पळालं की दात्यांवरून टकटक घसरत राहतो. यांत्रिकीच्या दृष्टीने ही शेवटची युक्ती मला सगळ्यांत नेटकी वाटते. धक्का, दिशा आणि सुटका, तिन्ही एका खटक्यात. तरी बाजारात टिकला तो शिंप्याचा उजवा हात. फुकटचा होता आणि बिघडत नव्हता.

मग विहिरींवर ऑइल इंजिनं आली. इंग्लंडच्या डर्स्ली गावातल्या लिस्टर कंपनीचं दोन फ्लायव्हीलचं संथ इंजिन १९३० च्या सुमाराचं. त्याचं सहा हॉर्सपॉवरचं रूप मिनिटाला ६५० फेरे घेई. त्याच धर्तीची इंजिनं पुढे राजकोटला ढिगाने बनली. इकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्याला खडकीत सुरू झाली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वीज पोचण्याआधी आणि नंतर वीज गेल्यावरही पाण्याची मदार याच इंजिनांवर असे.

यांचं अडणं थोडं वेगळं. एका सिलेंडरचं डिझेल इंजिन बंद होताना सहसा टॉपवर, म्हणजे पिस्टन सगळ्यांत वर असताना, थांबत नाही, दाबलेली हवा पिस्टनला मागे लोटते. अडचण असते ती टॉपपर्यंत पोचण्याची, कारण हँडल मारणाऱ्याला ती हवा स्वतःच्या ताकदीने दाबायची असते. इथे उत्तर उलटं निघालं. डीकॉम्प्रेशनची लिव्हर वर केली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दाबलीच जात नाही. हँडलने चाकाला हवा तेवढा वेग द्यायचा, मग लिव्हर पाडायची. आता फ्लायव्हील पिस्टनला टॉपवरून ओलांडून नेतं आणि डिझेल पेटतं. आधी चाकाला कमाई द्यायची आणि अडचणीच्या वेळी ती खर्च करायची.

सुटकेचा प्रश्न इथेही आहेच. हँडलच्या तोंडाला तिरपी खाच असते. शाफ्ट हँडलपेक्षा जोरात फिरू लागला की ती तिरपी बाजू हँडलला बाहेर लोटते. खाच गंजली, झिजली किंवा ग्रीस नसलं तर हँडल निघत नाही, शाफ्टबरोबर भिंगरीसारखं फिरतं, आणि तेव्हा कोणी धरायला जाऊ नये. डिझेल वेळेआधी पेटलं तर चाक उलटा झटका देतं, तो वेगळाच. म्हणून जुने लोक नव्या पोराला पहिला धडा देत तो अंगठ्याचा: अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, हँडलभोवती गुंडाळू नको. मोठ्या ऑइल इंजिनांना हँडल झेपत नाही. तिथे टाकीतली दाबलेली हवा सिलेंडरमध्ये सोडतात, पण त्याआधी चाकावरची खूण पाहून क्रँक टॉपच्या किंचित पुढे आणावी लागते. नाहीतर हवा जाते आणि चाक ढिम्म. म्हणजे फिरून पहारीशीच गाठ.

मोटारगाड्यांत हँडलची जागा विजेच्या स्टार्टरने घेतली. चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि त्याच दशकात विन्सेंट बेंडिक्सच्या जोडणीने पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत नेण्याचं व इंजिनाने वेग घेताच मळसूत्रावरून मागे फेकण्याचं काम आपोआप होऊ लागलं. ट्रेंचरफील्डमधला पिनियन आठवा, तत्त्व तेच.

कायद्यानेही या चाकाची दखल घेतली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात कुंपण घालायच्या यंत्रभागांत इंजिनाचे फिरते भाग आणि त्याला जोडलेलं फ्लायव्हील पहिल्याच ओळीत होतं, मग ते इंजिनघरात असो वा बाहेर.

विजेने डेड सेंटर संपवलं असं म्हणतात. थ्री फेज मोटरपुरतं ते खरं आहे. सिंगल फेजच्या मोटरचं तसं नाही. नुसत्या मुख्य वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या मुख्य वेटोळ्यावर, ती जागची हलत नाही, फक्त गुंगुं करते, आणि हाताने ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला धावू लागते. शिंप्याच्या चाकासारखी तिलाही दिशा बाहेरून द्यावी लागते. म्हणून घरघंटीच्या मोटरला सुरुवातीचं वेगळं वाइंडिंग आणि कंडेन्सर देतात, आणि आत शाफ्टवर एक सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. वेग पाऊण भरला की तो स्विच ते वाइंडिंग तोडून टाकतो. स्विच चिकटून राहिला तर सुरुवातीचं वाइंडिंग काही वेळात जळतं. जळका वास येणारी घरघंटी दुरुस्तीला आली की मोटरवाला कंडेन्सरनंतर तोच स्विच उघडून पाहतो.