उर्दू भाषकांचे इंग्रजी व्यंजनोच्चार

उर्दू मातृभाषा असलेल्या व्यक्तींना इंग्रजीतील काही व्यंजने उच्चारताना येणाऱ्या अडचणी आणि त्या दूर करण्यासाठी भाषाध्यापनात वापरल्या जाणाऱ्या पद्धती यांचा हा विषय आहे. पाकिस्तान, उत्तर भारत, हैदराबाद आणि महाराष्ट्रातील मालेगाव, भिवंडी यांसारख्या उर्दूभाषक वस्तीच्या शहरांत इंग्रजीच्या वर्गात तो रोज समोर येतो.

फारसी आणि अरबी शब्दांमुळे उर्दूत फ़, ज़ आणि श हे घर्षक (हवा घासत बाहेर पडून होणारे) ध्वनी चांगले रुळलेले आहेत. ‘झू’ आणि ‘फॅन’ हे शब्द त्यामुळे उर्दू भाषकाला अडवत नाहीत. या बाबतीत अनेक भारतीय भाषांच्या भाषकांपेक्षा तो पुढेच असतो. त्याची खरी अडचण बहुधा लिपीत दडलेली असते. ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोए या चार अक्षरांचा उर्दूतील उच्चार एकच आहे, आणि अरबीत जिभेचे टोक दातांत धरून उच्चारली जाणारी ‘से’ व ‘ज़ाल’ ही अक्षरे उर्दूत साधा स आणि ज़ होऊन बसली आहेत. इंग्रजी ‘थिन’ आणि ‘देन’ यांच्या आरंभी नेमके हेच दोन अरबी ध्वनी येतात. म्हणजे अक्षरे घरात आहेत, पण ध्वनी नाहीत.

सर्वांत चिवट अडचण ‘वाव’ या अक्षराची आहे. इंग्रजीत वरचे दात खालच्या ओठावर टेकवून होणारा दंत्योष्ठ्य घर्षक आणि दोन्ही ओठ गोल करून होणारा अर्धस्वर हे दोन वेगळे ध्वनी आहेत; उर्दूत या दोहोंच्या मधला एकच ध्वनी असून तो वावने लिहिला जातो. परिणामी ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’, ‘व्हेट’ आणि ‘वेट’ या जोड्या एकरूप होतात, आणि चूक दाखवून दिली की काही जण उलट्या दिशेने घसरून ‘व्हेरी’चे ‘वेरी’ करतात. मराठी लेखनाने ‘व’ आणि ‘व्ह’ अशी सोय करून हा भेद निदान कागदावर तरी राखला आहे. महाराष्ट्रातील उर्दू माध्यमाची मुले मराठीही शिकत असल्याने शिक्षकाला तिचा उपयोग करून घेता येतो. उच्चार बसवण्यासाठी मात्र उर्दूतलाच फ़ कामी येतो: ‘फ़न’मधील फ़ लांबवत न्यावा, दात जागचे हलवू नयेत आणि मध्येच कंठातून घोष (स्वरतंतूंचे कंपन) सुरू करावा, म्हणजे ‘व्हॅन’चा पहिला ध्वनी मिळतो. अर्धस्वरासाठी ‘ऊ’ म्हणून ओठ गोल ठेवावेत आणि तेथून थेट ‘एट’वर सरकावे; या वेळी दात ओठाला लागत नाहीत ना, हे आरशात पाहावे.

‘थ्री’ आणि ‘ट्री’ यांची गोष्ट वेगळी आहे. उर्दू भाषक पहिल्यात दंत्य थ आणि दुसऱ्यात मूर्धन्य ट वापरतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या कानाला हे शब्द स्पष्टपणे निराळे वाटतात. इंग्रजीत दंत्य-मूर्धन्य असा भेदच नसल्याने इंग्रज श्रोत्याला मात्र दोन्हीकडे ‘ट’च ऐकू येण्याचा संभव असतो. रोमन लिपीत उर्दू लिहिताना ‘थ’साठी जी दोन अक्षरे वापरतात तीच इंग्रजीत या घर्षकासाठी असल्याने गैरसमज आणखी पक्का होतो. येथे ‘स’ लांबवत असताना जिभेचे टोक हळूच दातांमध्ये आणण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण त्यात हवा अडत नाही. थपासून सुरुवात केली तर ती अडतेच.

महाप्राणत्वाकडे सहसा दुर्लक्ष होते. इंग्रजीत आघातयुक्त शब्दावयवाच्या (सिलेबलच्या) आरंभीचे प, ट, क हवेच्या झोतासह उच्चारले जातात. उर्दू भाषक ‘पिन’ अल्पप्राण उच्चारतो आणि इंग्रज कानाला तो ‘बिन’ वाटू शकतो. गंमत अशी की ‘पल’ आणि ‘फल’ यांतील भेद उर्दूत अर्थभेदक आहे आणि तो ‘दो-चश्मी हे’ या अक्षराने लिहूनही दाखवतात. इंग्रजी वर्णलेखनात तसे चिन्ह नसल्याने हाताशी असलेले कौशल्य वापरायचे सुचत नाही, इतकेच. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली की ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे आणि ‘स्पिन’ म्हणताना स्थिर राहिली पाहिजे. ‘फल’चा उच्चार ‘फ़ल’ करण्याची सवय असलेल्यांच्या बाबतीत हा उपाय जपून वापरावा लागतो.

शब्दारंभीच्या जोडव्यंजनांपूर्वी स्वर घालण्याची प्रवृत्ती लेखनातही उतरली आहे: ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ हे शब्द उर्दूत परंपरेने अलिफ घालूनच लिहितात. पंजाबात स्वर आधी न येता मध्ये येतो आणि ‘सकूल’ होते. ‘दिस स्कूल’ असे जोडून म्हणवून घेतल्यास आधीच्या शब्दातील स उपयोगी पडतो.

‘मेझर’मधील घोष घर्षकासाठी उर्दूत ‘झे’ हे फारसी अक्षर आहे. ‘मिझगाँ’ (पापण्यांचे केस) या शब्दात ते येते. बोलण्यात त्याचा पुष्कळदा ज़ किंवा ज होतो. ‘श’ला घोष जोडला की तो ध्वनी साधतो.

भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली मांडलेल्या, आंतरराष्ट्रीय संवादापुरत्या आवश्यक उच्चारांच्या गाभ्यात ‘थिन’-‘देन’चे घर्षक वगळले असून आरंभीच्या प, ट, क यांचे महाप्राणत्व आवश्यक मानले आहे; जोडव्यंजनांत स्वर घालणे हे त्यांतील व्यंजन गाळण्यापेक्षा कमी बाधक ठरवले आहे. या कसोटीने वाव आणि महाप्राणत्व यांना अग्रक्रम मिळायला हवा. वर्गातली सुरुवात मात्र अनेकदा जीभ दातांत धरण्यापासूनच होते.