सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: जुन्या स्पोर्ट्स कारचं इनटेक पॅकिंग

सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरत राहतं. चौथ्या-पाचव्या वेळी कसंबसं पकडतं आणि चोक आत ढकलला की बंद पडतं. गरम झाल्यावर मात्र काही तक्रार नाही, रस्त्यावर गाडी झकास पळते. ही लक्षणं सांगणाऱ्या ग्राहकांनी बहुतेक वेळा आमच्याकडे येण्याआधीच बॅटरी, प्लग, कधी कधी कॉइलही बदललेली असते. दोष मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा-पेट्रोल सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेल्या ओ-रिंगमध्ये (गोल रबरी कड्यात) निघतो. हे काम आम्ही कसं करतो आणि त्याला वेळ का लागतो, ते या पत्रकात सांगत आहोत.

चोरवाटेची हवा

पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतं. म्हणून स्टार्टिंगला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल द्यावं लागतं, आणि चोक असतो तो त्यासाठीच. एसयू कार्ब्युरेटरच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये चोकची नॉब ओढली की जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकतो, निमुळत्या सुईभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल वाढतं. पण ते ओढून न्यायला कार्ब्युरेटरमधून हवा जावी लागते. पॅकिंग फाटलेलं असेल तर इंजिन तिथूनच हवा घेतं, आणि त्या हवेबरोबर पेट्रोलचा थेंबही येत नाही. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनएकशे फेरे फिरतं, तेव्हा त्याला लागणारी हवाच थोडी असते. त्यातली बरीचशी फटीतून आली की मिश्रण पेट घेत नाही. वेगात थ्रॉटल (हवेची झडप) उघडा असतो, आतली ओढ कमी होते, फटीतून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. गाडी रस्त्यावर चांगली चालते त्याचं कारण हे.

कार्ब्युरेटरऐवजी बॉश के-जेट्रॉनिक ही यांत्रिक इंजेक्शन यंत्रणा असलेल्या पोर्शे ९११ मध्ये हा त्रास जास्त जाणवतो. तिथे येणारी हवा एक तबकडी उचलते आणि ती जितकी उचलली जाईल त्या हिशेबाने पेट्रोल सुटतं. तबकडी आणि इंजिन यांच्यामध्ये शिरलेली हवा मोजलीच जात नाही. म्हणून इनटेक नळ्यांचे रबरी जोड, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, इतकंच काय, ऑइल भरायच्या झाकणाचं पॅकिंगसुद्धा आम्ही तपासतो. चालू इंजिनावर हे झाकण उघडलं तर निरोगी गाडी अडखळते. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच कुठून तरी शिरते आहे असं आम्ही धरून चालतो.

गाडी थंडच हवी

आमची कळकळीची विनंती: शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. जुनं रबर कडक होऊन आकसलेलं असतं. थंडीत फट उघडी राहते आणि इंजिन तापून धातू प्रसरण पावला की बऱ्याचदा बुजते. तासभर चालवून आणलेल्या गाडीत दोष सापडतच नाही आणि तुमचा दिवस वाया जातो.

सकाळी आधी इग्निशन पाहतो. पॉइंट्सची (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्कांची) फट चुकलेली असेल तर पुढच्या सगळ्या तपासणीला अर्थ उरत नाही. मग मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावतो. समुद्रसपाटीच्या आसपास, साध्या कॅमच्या चांगल्या इंजिनात आयडलिंगला काटा साधारण १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर राहतो. काटा खाली असेल तर मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून पाहतो. धूर कुठून बाहेर येतो ते डोळ्यांना दिसतं, अंदाज करावा लागत नाही. कधी पॅकिंग शाबूत निघतं आणि धूर ब्रेक बूस्टरच्या पाइपमधून किंवा थ्रॉटलच्या झिजलेल्या शाफ्टमधून येतो. तसं असेल तर मॅनिफोल्ड उघडायचं कारण नाही, आणि आम्ही तो उघडत नाही.

गरम इंजिनावर स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत घरी करू नका. एक्झॉस्ट तिथेच बाजूला असतो, आणि आग लागायला तेवढं पुरतं.

खरं काम पृष्ठभागाचं

काढलेली ओ-रिंग आम्ही तुमच्या हातात देतो. नवी गोल आणि लवचिक असते. जुनी एका बाजूने चपटी झालेली असते, नखाने दाबली तर वण उठत नाही, वाकवली की तुकडा पडतो. अशी रिंग कितीही नट आवळले तरी फट भरू शकत नाही. उलट जास्त आवळल्याने फ्लँज (जोडाची सपाट कड) वाकतो, आणि वाकलेल्या फ्लँजवर नवी रिंगही टिकत नाही.

म्हणून नवं पॅकिंग बसवणं हे शेवटचं, थोड्या वेळाचं काम. त्याआधी पोर्टांमध्ये कापड कोंबून जुनं पॅकिंग खरवडावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पट्टी चालवत नाही, कारण तिचा एक ओरखडा म्हणजे नवी वाट. मग सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पाती) घालतो. ०.१ मि.मी.चं पातं आत गेलं तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासून घेतो. एमजीबीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच पॅकिंगवर, काही ठिकाणी एकाच वॉशरखाली बसतात. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर एकालाच दाबतो आणि दुसरा सैल राहतो. हा दोष वरवर पाहून कधीच कळत नाही, म्हणून जाडी मोजूनच पुढे जातो. नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतो.

वेबर डीसीओई कार्ब्युरेटर वेगळे. ते ओ-रिंगांवर थोडे हलते राहावेत अशीच त्यांची रचना आहे, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने पेट्रोल फेसाळतं. नटाखालचा स्प्रिंग वॉशर पूर्ण चपटा होईपर्यंत आवळला की रिंगही गेली आणि हेतूही गेला.

पॅकिंगवर साधं सिलिकॉन लावून देण्याचा आग्रह काही जण धरतात. आम्ही ते करत नाही. पेट्रोलने ते फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे इंजिनात जातात. ओ-रिंगा आम्ही इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्याच वापरतो.

तोवर काय सांभाळायचं

चोक ओढून वारंवार सेल्फ मारू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदलायला हवं. के-जेट्रॉनिकवाल्या ९११ मध्ये स्टार्टिंग स्प्रे वापरू नका. एका बॅकफायरने प्लास्टिकचा एअरबॉक्स फुटतो आणि मूळ दोषापेक्षा मोठं काम निघतं. मिश्रणाचा स्क्रू फिरवून तात्पुरतं भागवलं असेल तर आम्हाला आवर्जून सांगा, गळती बंद केल्यावर तो पुन्हा जागेवर आणावा लागतो.

पॅकिंग बसवल्यावर गाडी आणखी एक रात्र आमच्याकडे राहते. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारतो. काही दिवस चालवल्यावर नट पुन्हा तपासायला एकदा या. पॅकिंग दबून बसलेलं असतं आणि बहुतेकदा एखादा नट पाव फेरा घेतोच.