गाडीतला सराउंड साउंड: खोली वाईट, पण खुर्ची पक्की

गाणी ऐकण्यासाठी गाडीइतकी वाईट खोली मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. समोर काच, दोन्ही बाजूंना काच, मागे काच, म्हणजे वरचे सूर आपटून परत यायला भरपूर जागा, आणि मधे फोमच्या जाडजूड सीट ज्या तेच वरचे सूर गिळून टाकतात, म्हणजे एकाच डब्यात काही ठिकाणी आवाज कर्कश आणि काही ठिकाणी मेलेला. स्पीकर जिथे असायला हवेत तिथे एकही नाही, कारण तिथे कुणाचे तरी पाय असतात नाहीतर स्टिअरिंग असतं. ऐकणारा मधोमध बसतच नाही. आणि एवढं कमी म्हणून खालून टायरची घरघर सतत चालू.

तरीही हल्ली खूप जणांनी खरं मल्टिचॅनल संगीत, म्हणजे सराउंड, ज्यात दोनपेक्षा जास्त स्पीकरना आपापला वेगळा आवाज मिळतो, पहिल्यांदा ऐकलंय ते गाडीतच, घरात नाही, आणि ते चांगलंही वाटतं. याचं कारण स्पीकरच्या संख्येत फारसं नाहीये (कंपन्या मात्र तीच संख्या मोठ्या अक्षरात छापतात). गाडीत एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याच दिवाणखान्यात नसते, ती म्हणजे ऐकणाऱ्याचे कान कुठे असणार हे ट्यूनिंग करणाऱ्याला जवळपास आधीच माहीत असतं. घरात कोणी सोफ्यावर लोळतं, कोणी खाली बसतं, कोणी किचनमधून ऐकतं, पण गाडीत सीट बोल्टने बसवलेली आणि माणूस बेल्टने बांधलेला. बाकी सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो.

आधी कानांचं बघू. आवाज कुठून आला हे मेंदू मुख्यतः दोन हिशेबांवर ठरवतो, एक म्हणजे तो कुठल्या कानाला आधी पोचला आणि दुसरा म्हणजे कुठल्या कानाला मोठा ऐकू आला. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटीमीटर, आणि आपलं डोकं लहान असल्यामुळे दोन कानांमधला वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद एवढाच असू शकतो. एवढ्या फरकावर मेंदू आवाज पूर्ण डावीकडे की पूर्ण उजवीकडे ते सांगतो, आणि त्याच्याही छोट्या छोट्या भागांवर मधल्या सगळ्या जागा. सुमारे १५०० हर्ट्झच्या वर मात्र वेळेपेक्षा आवाजाच्या पातळीतला फरक जास्त कामाला येतो कारण तिथे डोक्याचीच सावली पडायला लागते.

आता गाडी उभी असताना हे करून बघा. असं रेकॉर्डिंग लावा ज्यात फक्त एकाच माणसाचा आवाज आहे आणि तो बरोबर मधोमध ठेवलाय, बातम्या वाचणाराही चालेल, आणि सराउंड वगैरे सगळे मोड बंद करून साधं स्टिरिओ ठेवा. ड्रायव्हर सीटवर नीट बसलात की तो माणूस तुमच्या बाजूच्या दाराच्या कोपऱ्यात बसून बोलतोय असं वाटतं. आता हळूहळू दोन सीटच्या मधे झुका, हँडब्रेकच्या बरोबर वर डोकं आलं की तो सरकत सरकत दारातून निघतो आणि काचेच्या मधोमध येऊन उभा राहतो. परत सरळ बसलात की गेला दारात.

हिशेब सोपा आहे. समजा जवळचा स्पीकर कानापासून ९० सेंटीमीटरवर आणि लांबचा १५० वर, म्हणजे फरक ६० सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. दोन स्पीकरमधून तोच आवाज येत असेल आणि फरक साधारण १ मिलिसेकंदाच्या आत असेल तर मेंदू दोघांच्या मधली कुठलीतरी जागा पकडतो, पण त्याच्या पुढे गेलं की जो आधी आला तोच खरा, दुसऱ्याला मेंदू प्रतिध्वनी समजून पहिल्यातच मिसळून टाकतो. हेल्मुट हासने १९४९ च्या आपल्या प्रबंधात हे तपशिलात मोजलं, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात, आणि मजा म्हणजे उशिरा आलेला आवाज बराच मोठा असला तरी दिशा पहिल्याचीच राहते. म्हणूनच बॅलन्सचं बटण लांबच्या स्पीकरकडे फिरवून प्रश्न सुटत नाही, ते आवाजाची पातळी बदलतं, वेळ बदलत नाही. वर अजून एक भानगड आहे, ६० सेंटीमीटर म्हणजे २८६ हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी, त्यामुळे त्या सुराला दोन स्पीकर एकमेकांना खोडायला लागतात, आणि २८६ हर्ट्झ म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाचा अगदी गाभा. गाडीत आवाज पोकळ किंवा बसका का वाटतो त्याचं एक उत्तर इथे आहे.

यावर उपाय म्हणजे डीएसपी, आवाजावर आकडेमोड करून तो बदलणारी चिप. जवळच्या स्पीकरला मुद्दाम १.७५ मिलिसेकंद उशीर लावायचा आणि थोडा हळू करायचा, की ड्रायव्हरच्या कानाला दोन्ही एकदम पोचतात आणि गायक दारातून उठून समोर येतो. ट्यूनिंग करणारे लोक ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी मायक्रोफोन लावून हे मोजतात, आणि एकच नाही तर डोक्याच्या आजूबाजूला बऱ्याच जागी मोजून सरासरी काढतात, कारण ५ किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी ७ सेंटीमीटरसुद्धा नसते, तुम्ही आरशात बघायला मान वळवली तरी वरच्या सुरांचा हिशेब बदललाच. म्हणून वरचे सूर फार काटेकोर जुळवायच्या नादाला शहाणे लोक लागत नाहीत.

पण शेजारी बसलेल्याचं काय? त्याचे तर बाराच वाजले. त्याच्यासाठी जो स्पीकर आधीच ६० सेंटीमीटर लांब होता त्यालाच आपण अजून ६० सेंटीमीटरचा उशीर लावला, म्हणजे फरक साडेतीन मिलिसेकंद. ड्रायव्हरचा फायदा तेवढाच शेजारच्याचा तोटा, आणि दोन स्पीकर असेपर्यंत यातून सुटका नाही. म्हणून मला वाटतं की सराउंडची खरी गरज घरापेक्षा गाडीला जास्त आहे, आणि तीही मागच्या स्पीकरसाठी नाही तर डॅशबोर्डच्या मधल्या त्या एका छोट्या स्पीकरसाठी. सेंटर चॅनल वेगळा मिळाला की गायक खरोखरच मधून गातो, दोघांनाही तो डॅशबोर्डच्या मधूनच ऐकू येतो, कुणासाठी काही भ्रम तयार करावा लागत नाही. घरी मधे बसणाऱ्याला दोन स्पीकरमधे आपोआप मध्य मिळतो म्हणून तिथे सेंटर नसला तरी चालून जातं, गाडीत मधे बसणारं कोणी नसतंच.

मागचे स्पीकर आहेत म्हणजे सराउंड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. साध्या गाडीत मागचे स्पीकर पुढचंच स्टिरिओ पुन्हा वाजवतात, मागे बसलेल्यांसाठी. खऱ्या सराउंडमधे मागून वेगळं काहीतरी येतं. स्टुडिओत ५.१ साठी (पाच मुख्य स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त बासचा स्पीकर) जी मांडणी मानली जाते तिच्यात मधला स्पीकर बरोबर समोर, डावा-उजवा ३० अंशांवर आणि सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांवर असतात, म्हणजे कानाच्या थोडेसेच मागे, डिकीत नाही. हॉलमधे संगीत ऐकताना बाजूंनी आणि मागून जो परतलेला आवाज येतो ज्याच्यामुळे हॉल मोठा वाटतो, तो स्टिरिओत समोरच्याच दोन स्पीकरमधे कोंबावा लागतो. सराउंडमधे तो बाजूंनी येतो आणि गाडीची जागा एकदम मोकळी वाटते, गाडी छोटी असल्याने हा फरक कानाला लगेच कळतो. पण मागचा आवाज प्रमाणात हवा, फेडर (पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधे आवाज वाटणारं बटण) मागे ढकलला की सगळा वाद्यवृंद मानेवर येऊन बसतो, ते काही कुणाला आवडत नाही.

ही कल्पना नवी नाही. स्टिरिओचं मूळ पेटंट ॲलन ब्लमलाइनचं, १९३१ मधलं. १९७० च्या दशकात चार चॅनलचं क्वाड्राफोनिक आलं, त्याची ८-ट्रॅक कार्ट्रिजसुद्धा निघाली, पण एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धतींचा एवढा गोंधळ झाला की लोकांनी नादच सोडला. मग १९९९ मधे एसएसीडी आली आणि पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ, दोन्ही मल्टिचॅनल संगीत मावणाऱ्या डिस्क, आणि २००४ च्या अ‍ॅक्युरा टीएलमधे थेट ५.१ डीव्हीडी-ऑडिओ वाजवणारी सिस्टीम आली, तिचं ट्यूनिंग एलियट शायनर या नावाजलेल्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने केलं होतं. त्या डिस्क फार चालल्या नाहीत. मधल्या काळात बहुतेक गाड्यांत जे सराउंड म्हणून विकलं गेलं ते म्हणजे अपमिक्सिंग, म्हणजे स्टिरिओ गाण्यातूनच डाव्या-उजव्या चॅनलमधे जे एकसारखं आहे ते मधल्या स्पीकरला आणि जे दोघांत जुळत नाही ते मागे पाठवायचं. हे ऐकायला जुगाड वाटतं पण डोकं लावून केलं तर खूप छान काम करतं, कारण गायक बहुतेक वेळा दोन्ही चॅनलमधे एकसारखा असतो आणि हॉलचा परतलेला आवाज दोन्हीत वेगवेगळा. वाईट केलं तर मात्र गायकाच्या ‘स’ चे तुकडे मागून उडायला लागतात.

डॉल्बी ॲटमॉसने विचार थोडा बदलला. २०१२ मधे ते सिनेमासाठी आलं, २०१९ पासून संगीतासाठीही मिळायला लागलं. यात काही आवाज ठरलेल्या चॅनलमधे न टाकता एक वस्तू म्हणून ठेवतात, म्हणजे आवाज आणि सोबत तो जागेत कुठे आहे याची माहिती, आणि वाजवताना समोरची सिस्टीम ठरवते की माझ्याकडे असलेल्या स्पीकरमधून ही जागा कशी दाखवायची. गाडीसाठी हे सोन्याहून पिवळं, कारण प्रत्येक मॉडेलमधे स्पीकर वेगळ्याच जागी असतात. २०२१ मधे २१ स्पीकरची ल्युसिड एअर ही ॲटमॉस असलेली पहिली गाडी म्हणून आली, नंतर बऱ्याच कंपन्यांनी ते घेतलं. छतातल्या स्पीकरचा प्रश्न असा की उंची ओळखताना दोन कानांतला फरक उपयोगी पडत नाही, तिथे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे वरच्या सुरांत जे बदल होतात त्यावरून मेंदू अंदाज लावतो. ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग उचलला की समोरून आलेला आवाजही वर गेल्यासारखा वाटतो, ट्यूनिंगवाले ही युक्ती वापरू शकतात.

आता बास. इथे गाडी चक्क घरापेक्षा सरस आहे. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे ती गाडीत मावतच नाही, त्यामुळे सबवूफर लाट पाठवण्याऐवजी आख्ख्या केबिनमधली हवाच दाबतो आणि सोडतो, आणि सूर जेवढा खाली जाईल तेवढा हा परिणाम वाढत जातो. घरात ज्या खोल बाससाठी भलं मोठं खोकं लागतं तो गाडीत छोट्या सबमधूनही निघतो. फक्त १०० हर्ट्झच्या आसपास जरा त्रास होतो, दीड मीटर रुंद केबिनमधे पहिली आडवी स्थिर लाट साधारण ११४ हर्ट्झला बसते, त्यामुळे बासचा एखादा सूर खिडकीशी ढमकन येतो आणि तोच गाडीच्या मधोमध गायब. सबवूफर डिकीत असला तरी चालतो कारण ८० हर्ट्झच्या खाली दिशा फारशी कळत नाही, पण दाराच्या खणात ठेवलेलं पेन किंवा नाणं खडखडायला लागलं की ती खडखड वरच्या सुरांची असल्याने मेंदूला लगेच जागा सापडते आणि सगळा बास दारात आहे असं वाटायला लागतं. महागडा ॲम्प्लिफायर घेण्याआधी दाराचे खण रिकामे करा, फुकटात होणारी सुधारणा आहे.

आणि हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमापाचं रेकॉर्डिंग? २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ वगैरे आकडे वाचून लोक हरखून जातात, मी जरा उलट बाजूने बघतो. साध्या सीडीचे १६ बिट म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. हायवेवर केबिनमधे ६५ ते ७० डेसिबलचा गोंगाट असतो, तुम्ही १०० डेसिबलपर्यंत वाजवलंत (तेवढं वाजवू नका, १०० डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा दिवसाला १५ मिनिटांची धरतात) तरी उरतात ३० ते ३५ डेसिबल. म्हणजे सीडीच्या हिश्श्याचाही मोठा भाग टायरच्या आवाजाखाली गाडला गेलाय, त्याच्या वरच्या ८ बिटांचं लोणचं घालायचं का? गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांचा असतो म्हणून वेगात आधी बास गायब होतो, आणि तो परत आणायला वेगानुसार व्हॉल्यूम आणि बास वाढवणारी सेटिंग असते, ती चालू ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसल्याने हळू चालताना शांतता खरंच मिळते, पण ८०-१०० च्या वेगाला टायर आणि वाराच बोलतात, तिथे फरक कमी होत जातो. त्यामुळे सराउंडचं चांगलं मिक्स नीट ऐकायचं असेल तर गाडी सावलीत लावून, एसीचा पंखा एकवर आणून ऐका.

मल्टिचॅनल गाणं गाडीपर्यंत पोचतंय का तेही बघावं लागतं, कारण नेहमीचा ब्लूटूथ संगीतासाठी दोनच चॅनल पाठवतो. फोनवर ॲटमॉसचा शिक्का दिसत असला आणि गाणं ब्लूटूथने जात असलं तर गाडीला मिळतंय ते स्टिरिओच, त्याच्यावर गाडीने अपमिक्सिंग केलेलं असलं तर वेगळी गोष्ट. खरं ॲटमॉस हवं तर सहसा गाडीच्या स्क्रीनमधलंच म्युझिक ॲप वापरावं लागतं. तिथेही स्ट्रीमिंगवरचं ॲटमॉस बहुतेक वेळा दाबून लहान केलेलं असतं, पण वर सांगितलेल्या गोंगाटात ते कुणाला कळणार नाही, चुकीचा डिले मात्र कुणालाही कळेल. सेटिंगमधे ‘ड्रायव्हर’, ‘पुढचे दोघे’, ‘सगळे’ असे पर्याय असतील तर प्रत्येकावर तोच एकट्या माणसाचा आवाज लावून बघा, आणि शेजारच्या सीटवरही जाऊन बसा. दोन्ही सीटवरून आवाज डॅशबोर्डच्या मधेच राहत असेल तर सिस्टीम चांगली आहे, मग स्पीकर आठ असोत की एकवीस.