टरबाइन पात्यांतील शीतन-छिद्रांचे विद्युत-रासायनिक यंत्रण

वायू टरबाइनच्या पात्याच्या पोटातून थंड हवा खेळवण्यासाठी बारीक, लांब आणि आतून आकार दिलेली भोके लागतात. ती विजेच्या साहाय्याने धातू विरघळवून पाडण्याची ही पद्धत आहे. यात हत्यार धातूला टेकत नाही, ठिणगी उडत नाही आणि धातू वितळतही नाही. तो अणूअणूने द्रावात उतरतो.

ज्वलनकक्षातून निघणारा वायू मोठ्या टरबाइनमध्ये १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून तप्त असतो. पात्यांची निकेलयुक्त मिश्रधातू मात्र १,३०० ते १,३५० अंशांच्या दरम्यानच वितळू लागते. पाते टिकते ते आतून वाहणाऱ्या हवेमुळे. ही हवा यंत्राच्याच संपीडकातून काढून घेतलेली असते आणि ती स्वतःही काही शे अंश तापलेली असते. शिवाय तिच्यावर खर्च झालेले काम वाया जाते, म्हणून ती जितकी कमी लागेल तितके चांगले. मोजक्या हवेने जास्तीत जास्त उष्णता वाहून न्यायची, तर भोकाच्या भिंतीचा आकार महत्त्वाचा ठरतो.

या पद्धतीचे मूळ मायकेल फॅराडे यांनी १८३० च्या दशकात मांडलेल्या विद्युत विच्छेदनाच्या नियमांत आहे. विरघळणारा धातू वाहून गेलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो. धातू तासण्यासाठी याचा वापर करण्याचे एकस्व रशियन संशोधक गुसेव यांनी १९२९ मध्ये मांडले. प्रत्यक्ष कारखान्यांत ही रीत रुळली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, जेव्हा साध्या ड्रिलला दाद न देणाऱ्या मिश्रधातू जेट इंजिनांत सर्रास आल्या.

लांब भोकांसाठीची प्रमुख रीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकसित केली. ‘शेप्ड ट्यूब इलेक्ट्रोलिटिक मशीनिंग’ हे तिचे नाव, पण कारागीर तिला नुसते ‘स्टेम’ म्हणतात. पाते धनाग्र असते आणि टायटॅनियमची पोकळ नळी ऋणाग्र. नळीच्या बाहेरच्या अंगाला विद्युतरोधक लेप असतो, फक्त टोक उघडे राहते. नळीतून दाबाखाली सौम्य आम्ल, बहुधा सल्फ्युरिक किंवा नायट्रिक, सोडतात. ते टोकापाशी धातू विरघळवून नळीच्या बाहेरून परत वर येते. मिठाचे किंवा सोडियम नायट्रेटचे द्रावण इतर यंत्रणकामांत चालते, पण त्यात विरघळलेला धातू हायड्रॉक्साइडचा चिकट गाळ बनून बसतो. खोल भोकात असा गाळ साचला की प्रवाह तुंबतो. आम्लात धातू विरघळलेलाच राहतो, आणि आम्ल हाताळण्याचा सगळा त्रास याच एका कारणासाठी पत्करला जातो.

व्होल्टता ५ ते १५ एवढी अल्प असते. नळीच्या टोकावर धातूचा मुलामा चढू नये म्हणून ठरावीक अंतराने क्षणभर ध्रुव उलटे करतात. नळी आणि धातू यांच्यातले अंतर आपोआप सावरले जाते, आणि या पद्धतीतली ही सर्वांत देखणी गोष्ट आहे. अंतर वाढले की विरोध वाढून प्रवाह घटतो, विरघळणे मंदावते आणि पुढे सरकणारी नळी ते अंतर भरून काढते. अंतर घटले तर नेमके उलटे घडते.

वेग मात्र संथ असतो. फॅराडेच्या नियमाने १ अँपिअर प्रवाह १ मिनिटात निकेलचे जेमतेम २ घन मिलिमीटर विरघळवतो. २ मिलिमीटर व्यासाचे भोक मिनिटाला १.५ मिलिमीटर या गतीने पाडायला किमान २.३ अँपिअर लागतात आणि ३०० मिलिमीटर खोली गाठायला ३ तास २० मिनिटे. म्हणून एका पात्याची सगळी भोके अनेक नळ्या लावून एकदमच पाडतात.

भोकाला आतून आकार देण्याच्या दोन युक्त्या आहेत. पहिलीत नळीची गती बदलतात. नळी रेंगाळते तिथे भोक फुगते, झपाट्याने जाते तिथे ते अरुंद राहते आणि बांबूच्या पेरांसारखी भिंत तयार होते. दुसरीत आधी सरळ भोक पाडून घेतात. मग अंगावरचा लेप पट्ट्यापट्ट्यांनी काढलेली नळी त्यात बसवतात. उघड्या पट्ट्यांसमोर खाचा पडतात आणि झाकलेल्या जागी कंगोरे उरतात. कंगोऱ्यांवर आपटून हवा घुसळते, भिंतीलगतचा सुस्त थर मोडतो आणि उष्णतेचे वहन गुळगुळीत भोकाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. हवेचा दाब थोडा जास्त खर्च होतो, पण हा सौदा बहुतेकदा परवडतो.

जनरल इलेक्ट्रिकच्या ९एफए टरबाइनच्या दुसऱ्या टप्प्यातील पात्यांची बुडापासून टोकापर्यंत जाणारी भोके ‘स्टेम’ पद्धतीनेच पाडलेली असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पात याच जातीची टरबाइन बसवलेली आहेत.

अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकांसाठी धातूची नळी पुरेशी बारीक करता येत नाही. तिथे निमुळती काचेची नळी वापरतात. विद्युताग्र काचेच्या आत ठेवून आम्लाच्या धारेतूनच प्रवाह पाठवतात आणि त्यासाठी शंभराहून अधिक व्होल्ट लागतात.

लेसर आणि विद्युत-ठिणगी या पद्धती पुष्कळ वेगवान आहेत. पण दोन्हींत भिंतीवर वितळून पुन्हा गोठलेला थर राहतो आणि त्यातल्या सूक्ष्म भेगा फिरत्या पात्याला घातक ठरू शकतात. विरघळवून पाडलेल्या भोकात असा थर नसतो, ताणही उरत नाही. फिरत्या पात्यातील लांब भोकासाठी संथपणा हा दोष मानू नये, असे माझे मत आहे. तरीही पृष्ठभागावरची, तोंडाशी पंख्यासारखी पसरणारी भोके आज बहुधा ठिणगीने किंवा लेसरने होतात. पात्यावर चढवलेल्या सिरॅमिक लेपातून वीज वाहत नसल्याने, लेपानंतर पाडायच्या भोकांना ही पद्धत लागूच पडत नाही. आम्लाची निवड चुकली तर धातूच्या कणांमधल्या सीमा कुरतडल्या जातात, आणि नळी किंचित वाकली तरी भोक भरकटते. म्हणून उरलेल्या भिंतीची जाडी श्राव्यातीत ध्वनीने तपासतात आणि प्रत्येक पात्यातून हवा सोडून तिचा प्रवाह मोजतात.

वापरलेल्या आम्लात निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम उतरलेले असते. क्रोमियम षट्संयुजी रूपात असेल तर ते विषारी असते. त्याचे आधी त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात, मग द्राव चुन्याने उदासीन करून धातू गाळाच्या रूपाने वेगळे काढतात.